आदेशाआधी सुटलेली गाडी

“शंभर खिडक्या बांधल्यात आणि कारकून एकच बसवलात. वर चौकशी माझी,” केंद्राचे कॉम्प्युटर सांभाळणारी इलिंका संचालकांच्या तोंडावर म्हणाली.

संचालक भडकले नाहीत. आजारपणानंतर त्यांना भडकायला मनाई होती. कॉफीही बंद होती. समोर लिंबाचा चहा होता, आणि तो बिनसाखरेचा असल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

प्रूत नदीकाठच्या त्या जिल्ह्याच्या रुग्णवाहिका केंद्रात सरकारने नवा कॉम्प्युटर आणला होता. डझनावारी प्रोसेसर. सगळा जिल्हा, गल्ल्या, घरं, गाड्यांसकट एकदम पोटात मावेल एवढी मेमरी. पाद्रीबाबांनी सब्ज्याच्या जुडीने त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, पुरवठादाराने डोळे मिटून घेतले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच्यावर जुनाच डेटाबेस चढवला.

तो डेटाबेस फिरत्या तबकड्यांच्या जमान्यातला. तबकडी फिरून माहिती हाताशी यायला वेळ लागे, म्हणून तो एका वेळी एकच फोन आत घेई आणि दाराला कडी लावी. नव्या कॉम्प्युटरमध्ये तबकडीच नव्हती. डेटाबेस तरीही इमानाने तिची वाट बघत बसे. बाहेर फोन तुंबत. आणि बाकीचे प्रोसेसर पवित्र होऊन रिकामे बसत.

इलिंकाने हिवाळाभर खपून दुसरा डेटाबेस लिहिला. सगळी माहिती मेमरीत. प्रत्येक प्रोसेसरला त्याची त्याची गावं वाटून दिलेली. कुणी कुणाच्या दारात खोळंबायचं नाही. मंजुरी मागितली, तर उत्तर आलं, मंजुरी जुन्यालाच आहे. मग तिने तो रिकाम्या प्रोसेसरांवर गुपचूप चालू केला आणि फोन घेणाऱ्या बायकांपुढे दुसरा स्क्रीन ठेवला. त्याच्यावर जवळची गाडी दिसली की बायका ती सोडून मोकळ्या. सरकारी स्क्रीनवरचा आदेश मागाहून यायचा, लग्न लागल्यावर मिळालेल्या पत्रिकेसारखा.

गुन्हा हाच. माणसं वाचली याला कुणाची हरकत नव्हती. क्रम चुकला होता.

“बाई, जगात कुठे गाडी आदेशाच्या आधी पोचते?” संचालकांनी विचारलं.

“जिथे आदेश गाडीच्या मागून धावतो तिथे.”

“जीभ आवरा. संध्याकाळपर्यंत तो स्क्रीन बंद, आणि तुम्ही घरी.” त्यांनी समोरच्या कागदावर बोट ठेवलं. “ही सुरुवात. चौदा नंबरची गाडी. आदेश नाही, काही नाही, सुटली. कुणी सोडली?”

“मी सोडली,” फोन घेणाऱ्या वेतुरियामावशी दाराजवळून म्हणाल्या. “ईस्टरची दुपार होती, साहेब. जिल्हाभर कोकराचं मटण जास्त झालेलं. कुणाचं पोट, कुणाची छाती. सरकारी स्क्रीनवर ही एवढी रांग.”

“मग रांगेने घ्यायचं. नियम सगळ्यांना सारखा.”

“पत्ता वाचा की.”

“पत्त्याचं काय घेऊन बसलात?”

“वाचा तर.”

संचालकांनी चष्मा चढवला. वाचलं. कागद खाली ठेवला आणि त्यांचा हात आपसूक छातीवर गेला.

“तुमच्या बायकोचा फोन रांगेच्या शेपटाला होता,” इलिंका म्हणाली. “आदेश आला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या दारात पोचला होतात. चौदा नंबरने थांबायला हवं होतं का, साहेब? हो की नाही, तेवढं सांगा.”