कोरा ट्रॅक

"आता नीट ऐक," म्हणत सुरजने रविनाच्या कानांवर हेडफोन चढवला.

सायवन गावातल्या घराची मागची खोली त्याने भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंगची केली होती. गिटारचा आवाज बदलणारा प्रोसेसर वायरने लॅपटॉपला जोडलेला होता. कितीतरी व्हिडिओ बघून त्याने एक करामत साधली होती. एकाच मशीनमधून आवाज दोन वाटांनी काढायचा. एका ट्रॅकवर घुमारा आणि सगळा साजशृंगार, दुसऱ्यावर नुसता कोरा आवाज, जसा निघाला तसा. गिटारसाठी शिकलेली ही विद्या तो आज बायकोच्या गळ्यावर चालवत होता.

आधी त्याने सजवलेला ट्रॅक लावला. रविना लाजून हसली. मग त्याने दुसरा लावला, आणि तिचं हसू गेलं. आवाज फाटका होता, नाकातला होता, आणि प्रत्येक सूर जरासा खाली घसरत होता.

"हा कोणाचा?"

"तुझाच. कोरा. मशीन काढली का एवढाच राहतो."

तो खोटं बोलत होता. सकाळी ती पाण्याला गेली तेव्हा त्याने तिचा खरा कोरा ट्रॅक पुन्हा प्रोसेसरमधून फिरवला होता. सूर केसभर उतरवले होते, आवाज चेपला होता, आणि मूळ ट्रॅक लॅपटॉपात कुठेतरी खोल दडवून टाकला होता. एवढं मन लावून त्याने स्वतःच्या गिटारवरही कधी काम केलं नव्हतं.

कारण होता नविन. तलासरीच्या नविनचा लग्नात गाणी करणारा ग्रुप होता, आणि त्यात शिरायला सुरज वर्षभर धडपडत होता. आपली गिटार कळावी म्हणून त्याने एक गाणं नविनच्या मोबाइलवर पाठवलं. गायला रविना होती, कारण फुकटात दुसरं कोण गाणार? नविन गाणं ऐकून थेट घरी आला आणि रविनालाच मागू लागला. येता सीझन आमच्याबरोबर गा म्हणाला. सुरजचं काय, असं तिने विचारलं, तर गिटारवाला आहे आमच्याकडे, म्हणाला. सुरजने त्याला चहा पाजून हसत निरोप दिला. पोटातली जळजळ मात्र त्याने बायकोलाही कळू दिली नाही.

रविनाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग भाताच्या आवणीला बायका मला गा गा म्हणतात ते काय, असं तिने हळूच विचारलं.

"त्यांना सुरुवात करून द्यायला कोणतरी लागतो," सुरज म्हणाला. "आपला आवाज आपल्याला गोडच वाटतो. लोकं असा ऐकतात."

नविनला फोन तिनेच केला. मला जमणार नाही, तो आवाज माझा नव्हे, सुरजच्या मशीनचा आहे, असं तिने सरळ सांगून टाकलं. त्या पावसात भाताची आवणी झाली ती मुकाट्याने. बायकांनी विनवण्या केल्या, चिडवून पाहिलं. ती चिखलात वाकून रोपं लावत राहिली. चुलीपाशी ती गुणगुणायची, तेही थांबलं. सुरजला वाईट वाटायला हवं होतं. त्याला हायसं वाटलं.

दिवाळीनंतर नविनचा फोन आला, आणि या वेळी तो सुरजसाठी होता. असल्या आवाजाचं मशीनने सोनं करतोस तर आमच्याकडे ये, म्हणाला. सुरज प्रोसेसर छातीशी धरून तलासरीला पोचला. तिथे रूपी नावाची गाणारी उभी होती, दिसायला चटपटीत आणि सुरात जेमतेम.

रविनाचा केला तसा हिचा आवाज कर, नविनने सांगितलं. सुरजने होतं नव्हतं ते सगळं लावून पाहिलं. घुमाऱ्यातही रूपी रूपीच राहिली. सगळी मंडळी त्याच्या हातांकडे बघत होती. नविन चिडला नाही, हेच त्याला जास्त लागलं.

"उद्या रविनाला घेऊन ये," नविन म्हणाला. "ती नाय आली तर तूपण येऊ नको."

रात्री सुरजने तिला मागच्या खोलीत बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. नविन, जळजळ, ती पाण्याला गेली ती सकाळ, रूपी, काहीच लपवलं नाही. बोलताना तो रडलासुद्धा. त्या रडण्यात तिच्यासाठी किती होतं आणि उद्यासाठी किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने दडवलेला ट्रॅक काढला, प्रोसेसरची वायर तिच्या डोळ्यांदेखत उपटली आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. खोलीत जराही आवाज नव्हता. तिच्या कानांत मात्र तिचा गळा मोकळा वाहत होता, कशाचीही भेसळ नसलेला.

तिने डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तिचे ओठसुद्धा हलले नाहीत. मग तू आत्ताच्या आत्ता गाऊन बघ, तुझं तुलाच कळेल, म्हणत तो तिच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला. तिने मान हलवली. तू काय, चांगलाच आहे बोलशील, तुझं काम अडलंय, म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. नवऱ्याची कीव आली होती तिला. तिने पदराने त्याचे डोळे पुसले आणि हेडफोन त्याच्या हातात दिला.

"आता कोरापण गोड करायला जमला तुला," रविना म्हणाली. "रूपीचा आवाजपण असाच कर."