कसर न लागलेला झगा

फुल्कसाहेब फ्रान्सच्या लढाईवर निघाले, तेव्हा अंगावरचा लोकरी झगा काढून बाईसाहेबांच्या हातात देऊन गेले. मी म्हटलं, "तुमच्या उशाशी पेटीत ठेवू का?" बाईसाहेब खेकसल्या, "आणि कसर लागली म्हणजे? परत आल्यावर चाळण पांघरतील का ते? संडासात टांग!" किल्ल्यातले सगळे भारी कपडे तिथंच टांगलेले असायचे, खालून येणाऱ्या घाणीच्या भपकाऱ्यानं कसर फिरकत नाही. मी टांगला. वर्षानं साहेब मारले गेल्याची खबर आली. बाईसाहेब रडल्या नाहीत. "झगा आण, ॲव्हिस," एवढंच म्हणाल्या. आणला तसं त्यांनी त्यात तोंड खुपसलं. मग अस्तर उलटून हुंगलं, बाह्या हुंगल्या, गळा हुंगला. शेवटी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ह्यात ते कुठंच नाहीत गं." मी झगा खिडकीशी धरला आणि म्हटलं, "बघा बाईसाहेब, एकसुद्धा भोक नाही."