बघून गेलेले

अनुश्रीचं कर्ज नामंजूर झालं. घरी मात्र ते झालंच नाही असं धरायचं ठरलं, कारण दुपारी डोंगरकडा गावाहून तिला बघायला पाहुणे यायचे होते.

हळद दळायची गिरणी टाकायची म्हणून तिनं, जवळा बाजार गावी दुकानोदुकानी भाव विचारत फिरावं तसे, सहा बँकांत अर्ज टाकले होते. कुठं व्याज कमी बसतं ते बघून मग एकीकडून घ्यायचं. सहाव्या बँकेतल्या साहेबानं समजावलं, "मॅडम, अर्ज केला की बँक तुमची चौकशी करते, आणि प्रत्येक चौकशीनं तुमचा क्रेडिट स्कोअर थोडा उतरतो. एवढ्या जणांनी बघितलं म्हटल्यावर आम्हालाही शंका येते."

"पण साहेब, मी आजवर कुणाचा रुपया बुडवला न्हाई."

"घेतलाच नाही, तर बुडवाल कशाला? पण बघून तर गेले ना."

दुपारी तिनं पोहे दिले. मुलाच्या मावशीनं बशी हातात घेत विचारलं, "याआधी किती जण येऊन गेले?"

"तुमीच पहिले," अनुश्रीचे अप्पा म्हणाले.

"काहून खोटं बोलून राहिले भाऊ? आमच्या कुरुंद्याच्या सोयऱ्यानं मागच्या महिन्यात हितंच पोहे खाल्ले. काही असल्याबिगर एवढे लोक सोडून जातेत व्हय?"

मग पोहे संपवून, "कळवतो" म्हणून तेही उठले.

बशा विसळून अनुश्री अर्ज लिहायला बसली. तो बँकेला द्यायचा की पाहुण्यांना, ते ठरेना, म्हणून वर नुसतं 'माननीय महोदय' घातलं. खाली लिहिलं, "माझी आजवर झालेली प्रत्येक चौकशी माझ्या नावावरून कमी करून चौकशी करणाऱ्याच्या नावावर चढवण्यात यावी, ही नम्र विनंती."