घरचा फोन

नीलगिरीच्या झाडांच्या रानातून वणवा वर चढू लागला, तेव्हा आम्हा सगळ्यांना गाव सोडायला लावून खालच्या शाळेत आणलं. घर वाचलं का, हे कळायला एकच उपाय होता: घरच्या फोनवर रिंग द्यायची. वाजली, तर घर उभं आहे.

दुपारी इदालिनानं, माझ्या मुलीनं, मोबाइल पुढे केला. "बाबा, तुम्ही लावा. मला धीर होत नाही."

"त्यांना नको देऊस," सूप पिता पिता माझी बायको झुल्मिरा म्हणाली. "चुकीचा नंबर लावतील आणि दुसऱ्याचंच घर वाचवून बसतील."

शेवटी नंबर इदालिनानंच लावला. मी फक्त फोन कानाला धरला.

"वाजतेय!" मी ओरडलो. झुल्मिरा चमचा टाकून रडायलाच लागली.

तेवढ्यात तिकडे कुणीतरी फोन उचलला.

दाराला कुलूप मी स्वतः घातलं होतं. फोनमध्ये ताटल्या वाजत होत्या. इदालिना हसत होती. झुल्मिरा कुणाला तरी पाव घ्यायचा आग्रह करत होती. आणि त्या दोघी तर इथे, माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

"कोण बोलतंय?" मी चाचरत विचारलं.

"आम्ही सगळे घरीच आहोत," माझाच आवाज म्हणाला, जराही न चाचरता. "तुम्ही आता इकडे येऊ नका."