शेजारची सीट

वेशीपासून पेट्रोल पंपापर्यंत पायलने गाडी तीनदा थांबवली. दर गिअरला एकदा.

मोटरसायकलवरून मागोमाग येणारे गेणबा तात्या तिसऱ्या वेळी खिडकीशी आले. तिच्या वडिलांचे, आप्पांचे धाकटे भाऊ.

"एसटी बी एवढे थांबे घेत न्हाय गं. कुनाला उतरायचं हाय का?"

"हात ट्रॅक्टरवर बसलाय, तात्या. सुधारेल."

खरेच होते ते. सांगवीच्या रानात ती शाळेत असल्यापासून ट्रॅक्टर चालवत आली होती. तिथे ट्रॅक्टर उभा असतानाच गिअर ठरवायचा, टाकायचा, आणि बांधापर्यंत त्यावरच जायचे. चालत्या ट्रॅक्टरचा गिअर बदलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. लायसन पर्समध्ये होते, पण आप्पा असेपर्यंत या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मागे सरकवलेली त्यांची सीट पुढे घ्यायला आज सकाळी तिला दोन्ही हात लावावे लागले होते.

"वैनीला डायलिसिसला न्यायचं म्हंजे खेळ न्हाय," तात्या म्हणाले. "आज हौस फिटली, उद्या काय? संध्याकाळी इंदापूरचं गिऱ्हाईक येतंय, गाडी दिऊन टाकू. भाड्याची गाडी सांगू की."

"आई काय म्हणाली ते ऐकलंत ना? आज मी बारामतीला नीट नेलं तर गाडी राहील."

"नीट," तात्या म्हणाले आणि मागे झाले.

आई शेजारच्या सीटवर होती. आप्पांच्या शेजारी ती चपला काढून मांडी घालून बसायची, घरच्या ओट्यावर बसावे तशी. आज चपला पायात होत्या आणि दोन्ही पाय खाली घट्ट टेकलेले.

पायलने गाडी पुन्हा सुरू केली. गिअरच्या दांडीवरचे आकडे आप्पांच्या तळव्याने कधीच पुसून गेले होते. तिने मूठ आवळून पहिला टाकला. खर्रकन आवाज झाला.

"नांगर धरलाय का?" आई म्हणाली. "ह्यांचा हात निस्ता वर ठेवलेला असायचा."

पायलने मूठ सोडली, तळवा ठेवला. गाडी हलली, इंजिनाचा आवाज चढू लागला. तेवढ्यात शेजारून रबरी मॅटवर चप्पल दाबल्याचा आवाज आला. तिने क्लच दाबला, दांडी मागे ओढली. दुसरा पडला. थांबावे लागले नाही.

थोड्या वेळाने चप्पल पुन्हा दाबली गेली. तिसरा पडला.

"आई, तुला कसं कळतं?"

"काय कळतं?" आई समोर बघत होती. इंजिनाचा आवाज चढला की आपला डावा पाय आप्पांसारखा क्लच दाबतोय, हे तिच्या गावीही नव्हते.

कालव्याचा पूल दिसला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, चढावर मुंगीच्या चालीने. चढाला गाडीनं मागायच्या आधी गिअर द्यायचा, असे आप्पा म्हणायचे. शेजारची चप्पल दाबली गेली, पण पायलचे लक्ष ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाकडे होते. चप्पल पुन्हा दाबली गेली. गाडीने दोन गचके खाल्ले आणि ऐन चढावर बंद पडली. पायलने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. मागून हॉर्न सुरू झाले.

तात्या मोटरसायकल लावून आले. "उतर. मी घेतो वर. बघितलंस न्हवं आता?"

आईचा हात दाराच्या कडीवर गेला होता.

"तात्या, गाडीच्या मागं कुणाला थांबू देऊ नका," पायल म्हणाली.

"अगं, पर—"

"मागची माणसं बाजूला घ्या. गाडी मीच नेणार."

तात्यांनी आईकडे पाहिले. तिचा हात कडीवरच होता. तात्या मागे गेले आणि हॉर्न वाजवणाऱ्यावरच खेकसले, "दम धर की जरा! पोरगी शिकतीया!"

पायलने किल्ली फिरवली. पहिला टाकला. उजव्या पायाने थोडे पेट्रोल दिले आणि डावा पाय क्लचवरून इतका हळू उचलला की पोटरी थरथरली. आवाज जड झाला. गाडीचे नाक जरासे वर उठले. ती तिथेच थांबली, एक श्वास, आणि मग हँडब्रेक खाली केला.

गाडी मागे आली नाही. वर सरकली.

पुलावर ट्रॅक्टरने बाजू दिली. पहिला गिअर गाडी हलवायला, चालवायला नव्हं, असेही आप्पा म्हणायचे. तिने दुसरा टाकला. उतार संपल्यावर तिसरा. पुढे बारामतीचा सरळ रस्ता लागला. आवाज भरताच दांडी तळव्याने मागे घेतली. चौथा.

मग तिच्या लक्षात आले की पूल ओलांडल्यापासून शेजारून चपलेचा आवाजच आलेला नाही.

"तात्यास्नी फोन लाव," आई म्हणाली. "त्या इंदापूरवाल्याला येऊ नगं म्हनावं."

"चालवताना फोन लावायचा नसतो, आई."

"मग दवाखान्यात गेल्यावर लाव. तात्या काय पळून जात न्हाईत, मागंच हायती." आई जराशी हलली, पदर सारखा केला.

पुढच्या वळणावर डावीकडचा आरसा बघताना पायलची नजर क्षणभर खाली गेली. मॅटवर दोन्ही चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या, आणि गाडीबरोबर हलत होत्या.