अकरा नावांची यादी

चाकणच्या एका कंपनीत मी कामगार बायकांसाठी फिजिओथेरपीचं शिबिर घेतलं. "हात वर करा," म्हटल्यावर अकरा जणींचे हात खांद्याच्या वर जाईनात. त्यांना व्यायाम दाखवले, पंधरा दिवस वजन उचलू नका म्हणून सांगितलं. उपचारासाठी म्हणून एचआरच्या साहेबांनी त्यांची यादी मागून घेतली.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले. झाडून सगळ्यांचे हात सरळ वर.

"बघा मॅडम, तुमचा इलाज लागू पडला," म्हणत साहेबांनी पेढा दिला.

"त्या अकरा जणी दिसत नाहीत?"

"कंत्राटी होत्या, काढल्या. तुमच्या यादीमुळे सोपं गेलं."

पेढा मी तसाच खाली ठेवला. पुन्हा म्हटलं, "हात वर करा."

मागच्या रांगेत एका बाईचा वर केलेला हात थरथरत होता. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी ती घाईघाईनं म्हणाली, "न्हाई दुखत, मॅडम."