कालव्याकाठी माणसं येऊ लागली

शिलाई मशीन थांबवून तिने खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. कालव्याच्या काठाने माणसं चालली होती. जोडपी, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, गळ्यात कॅमेरे अडकवलेले पाहुणे. एकेका पुरुषाचा चेहरा ती निरखून घेत होती. हा नाही. हाही नाही.

नवऱ्याच्या घरातून नेसत्या कपड्यांनिशी निघाली, तेव्हा तिने मुद्दाम हीच खोली धरली होती. कालव्याला असा वास मारायचा की इकडे काळं कुत्रंही फिरकत नसे. तिला तेवढंच हवं होतं.

मग घरमालकीण मावशींनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या. "सरकारच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा आपणच गाळ काढू," म्हणाल्या. हिनेही घमेली उचलली. एकटी मागे राहिली असती, तर चार तोंडांनी चार प्रश्न विचारले असते. पाण्याचा वास उतरत गेला, तशी तिची झोप उडत गेली.

मावशी दारातून डोकावल्या. "अगं, बाहेर ये की! राबलीस तू आणि मिरवतंय जग!"

"कपडे द्यायचेत आज, मावशी."

"पेपरवाला फोटो काढत होता, तेव्हाही पाठ करून उभी. नव्या नवरीला लाजवशील, बाई!"

ती हसली नाही. पुलावरून एक माणूस उतरत होता. एक खांदा किंचित खाली, चालीला कसली म्हणून घाई नाही. तिच्या हातातली कात्री फरशीवर पडली.

"तो," एवढंच ती म्हणाली.

मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर जाऊन त्यांनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप अडकवलं. ती मशीनखाली अंग चोरून बसली.

"नमस्कार." तोच मऊ आवाज. "इथं शिवणकाम करणारी एक बाई राहते ना?"

"शिवणकाम?" मावशी म्हणाल्या. "इथल्या बायका गाळ उपसतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेपरात फोटो होता. पाठमोरी होती. पाठ ओळखतो मी तिची."

बाहेर एकेक करत चपला वाजल्या. दाराखालच्या फटीतला उजेड तुकड्यातुकड्याने झाकला गेला. गल्लीतल्या बायका दाराला पाठ लावून उभ्या राहत होत्या.

"तुमची काहीतरी चूक होतेय, भाऊ," मावशी म्हणाल्या. "निघा आता."

पावलं दूर गेलीच नाहीत. काठावरचं बाकडं करकरलं. तिने स्वतः हिरवा रंग दिलेलं, तिच्या दारासमोरचं.

"बरं," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "जागा मात्र छान केलीत तुम्ही. आता येत जाईन मी."